तोंड दिसत नव्हतं

त्या वर्षी कपाशी गुडघ्याएवढीसुद्धा झाली नाही. बोंडं उमलायच्या आत वाळली आणि रान मोकळं करायचं म्हणून वाळलेली झाडं, पऱ्हाट्या, उपटण्याचं काम तेवढं उरलं. जमीन ओली असती तर एका हिसक्यात मुळासकट आल्या असत्या. वाळल्या जमिनीत मात्र बुंधा लोखंडी चिमट्यात धरायचा, दांड्यावर सगळा भार टाकायचा आणि कंबर जाते की पऱ्हाटी येते ते बघायचं. सुईण साठीच्या पुढं होती. रोज चार ओळी तिच्या वाट्याला होत्या, आणि त्यातल्या दोन खरं म्हणजे सुनेच्या होत्या.

सून नर्सिंग शाळेत शिकत होती. लग्न होऊन चार वर्षं झाल्यावर सासूनंच तिला फॉर्म भरायला लावला होता. त्यावर गावानं महिनाभर करमणूक करून घेतली. सुईणीनं हौसेनं आपल्या कामाला घरात सवत आणली, असं लोहाराची बायको पाण्याच्या रांगेत सगळ्यांसमोर म्हणाली, आणि सुईण सगळ्यात आधी हसली. लोहारीण तिची बालपणापासूनची मैत्रीण. दोघींचं एकमेकींना बोललेलं दोघींनाही लागत नसे.

पहिल्या वर्षी सून प्रात्यक्षिकात नापास झाली. लेखी पेपरात पहिल्या पाचात आणि पोटावर हात ठेवायची वेळ आली की बोटं थरथर कापायला लागायची. आत बाळ कसं आहे, डोकं कुठं, पाठ कुठं, हे तिला वहीत काढता येई, हाताला कळत नसे. परीक्षकबाईंनी शेरा मारला, हात घाबरट आहेत. आता एकच संधी उरली होती. ती गेली की शाळेतून नाव कमी.

त्याच सुमाराला शाळेनं प्रत्येक मुलीला एक टॅब दिला. शिक्षण पूर्ण होईपर्यंत वापरायचा, मग परत करायचा. पाटीएवढा, काळा, बोट लावलं की उजळणारा. त्यात औषधांच्या मात्रा होत्या, हाडांची नावं होती, प्रश्न विचारून लगेच चूक दाखवणारी परीक्षा होती आणि हवा तितक्या वेळा थांबवून बघता येतील असे तास होते. सून चुलीपुढं बसून भाकरी थापता थापता समोर टॅब उभा करायची आणि पुटपुटायची. एकदा पिठाचं बोट लागून नाडीचा धडा सुटला आणि गाणी सुरू झाली. सुईण म्हणाली, "राहू दे गं, नाडी जरा नाचू दे."

गावात वीज दिवसातून दोन तास येई, तीही हुकमी नाही. गिरणीत मात्र इंजिन होतं. म्हणून एक दिवसाआड दुपारी टॅब गिरणीत न्यायचं काम सुईणीकडं आलं. बाळंतपणाला न्यायचं स्वच्छ धडपं होतं, त्यात ती टॅब गुंडाळायची आणि चार्ज होईपर्यंत मांडीवर घेऊन पोत्यावर बसायची. फटीत पीठ जाऊ नये म्हणून वरून ओंजळ धरायची.

गिरणीवाला म्हणायचा, "मावशी, आता बाळं यातूनच काढणार का?"

"निघाली तर पहिलं तुझ्याच घरी पाठवीन. सातच आहेत तुला, अंगण मोकळं दिसतंय."

एके दिवशी तिथं बसल्या बसल्या तिचं बोट लागलं आणि पडद्यावर एक पोट उघडलं. आत गुडघे दुमडून निजलेलं बाळ. बोट फिरवलं की पोट फिरे, बाळाची पाठ दिसे, टाळू दिसे. सुईण बघतच राहिली. चाळीस वर्षं जे ती डोळे मिटून बोटांनी बघत आली होती, ते कुणीतरी दिवा लावून समोर ठेवलं होतं. संध्याकाळी तिनं सुनेला सांगितलं, "सगळं बरोबर काढलंय. फक्त मान जरा जास्त वाकवली आहे. एवढी नसते."

सून चपापून बघायला लागली. मग म्हणाली, "आई, तुम्ही मला हे हातानं शिकवाल?"

सुईण याच प्रश्नाची वाट बघत होती म्हटलं तरी चालेल. दोन वर्षांपासून गावातली बाळंतपणं दवाखान्यात होत होती, आणि ते बरंच झालं असं तीही म्हणायची. रक्त थांबेना म्हणजे काय होतं हे तिनं पाहिलेलं होतं. दुखणं एवढंच होतं की पोरीला घेऊन ती दवाखान्यापर्यंत जायची आणि मग दार लागायचं. आत पोर ओरडायची, बाहेर पायरीवर ही बसलेली. आता तिथं बाळंतिणीसाठी नवी खोली होत होती आणि डॉक्टरांनी ठरवलं होतं की गावातल्या दोन जाणत्या बायका सोबतीण म्हणून नेमायच्या. त्यांनी काहीच करायचं नाही. उशाशी बसायचं, हात धरायचा, धीर द्यायचा. दवाखान्यातल्या नर्सनं तिला आपण होऊन सांगितलं होतं, "मावशी, पहिलं नाव तुमचं." तेव्हापासून सुईण पऱ्हाट्या उपटतानासुद्धा मनानं त्या खोलीत बसलेली असायची. दुसरं तिला काही नको होतं.

लोहाराची सून सातव्या महिन्यात होती. सुईणीनं तिला विचारलं, ती लाजत हो म्हणाली, आणि रोज सकाळी पाणी भरून झालं की शिकवणी सुरू झाली.

"आधी हात चोळून गरम कर. थंड हात लागला की पोट आवळून बसतं. हं. आता बोटांची टोकं नको, पूर्ण पंजा. ती काय पऱ्हाटी आहे उपटायला?"

लोहाराची सून हसली, आणि पोट हललं.

"थांब, हसून घे तू. सूनबाई, वर काय लागतंय?"

"मऊ."

"मऊ म्हणजे ढुंगण. आता दोन्ही कुशीला हात ठेव. एक हात गप्प ठेवायचा, दुसऱ्यानं बघायचं. एका बाजूला सलग लागेल ती पाठ. दुसरीकडं टोचेल ते हातपाय."

सुनेनं टॅब उतरंडीला टेकवून ठेवला होता. सासूचे हात दिसतील असा कोन साधून ती सगळं चित्रित करायची आणि दुपारी पुन्हा पुन्हा लावून उशीवर स्वतःचे हात तसे ठेवायची. तिसऱ्या आठवड्यात तिनं डोळे मिटून सांगितलं, "पाठ डावीकडं." सुईणीनं हात लावून पाहिला. डावीकडंच होती. सुईणीनं सुनेच्या डोक्यावर एक चापटी मारली. लाड करायची तिची तेवढीच रीत होती.

मग एका दुपारी सून म्हणाली, "आई, पूर्वी बाळ लवकर यावं म्हणून पोट दाबायच्या ना? ते कसं करायच्या, दाखवता? अभ्यासाला लागेल."

सुईणीनं ज्वारीचं अर्धं पोतं ओढलं, आडवं केलं आणि दोन्ही हात एकावर एक ठेवून वरून खाली भार दिला. "असं. आमच्या सासवांनी असंच शिकवलं होतं. पण आता करत नाही. तीस वर्षं झाली, एकदाही केलं नाही." टॅब चालूच होता. ती त्याच्याकडं न बघता पोत्याकडं बघत बोलली, "माझ्या सख्ख्या बहिणीचं बाळ असं दाबताना गेलं. माझ्याच हातून. तिला मी सांगितलं नाही. ती गेली तरी सांगितलं नाही. कुणालाच नाही. तू शिकते आहेस म्हणून तुला सांगते, कुणी कितीही घाई केली तरी दाबायचं नाही."

सुनेनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या दिवशी सुनेच्याही डोळ्यांत पाणी होतं, हे खोटं नव्हतं. पुढं जे झालं त्यामुळं तेही खोटं होतं असं म्हणायचा मोह होतो, पण तसं नव्हतं.

पंधरा दिवसांनी नव्या खोलीत बायकांची सभा भरली. शाळेच्या मॅडम शहरातून आल्या होत्या. भिंतीवर मोठा टीव्ही लावला होता. सुईण धुतलेलं लुगडं नेसून पुढच्या रांगेत बसली, शेजारी लोहारीण. आपलं नाव आज सगळ्यांसमोर घेतील, मग उभं राहायचं की बसूनच हात जोडायचे, एवढीच तिला काळजी होती.

मॅडम म्हणाल्या, "आपल्या भागात अजून काही घातक पद्धती आहेत. आमच्या एका विद्यार्थिनीनं प्रत्यक्ष जाऊन चित्रण केलंय. सगळ्या वर्गात हे पहिलं आलं. मी ते स्पर्धेलाही पाठवलंय."

टीव्हीवर दोन हात आले. तोंड नव्हतं, घर ओळखू येत नव्हतं, आवाजही काढून टाकला होता. नुसते दोन हात ज्वारीच्या पोत्यावर एकावर एक, दाबताना. उजवी करंगळी मुळापासून बाहेर वाकलेली. मनगटावर पोळल्याचा पांढरा डाग. तळव्याच्या कडेला चिमट्याचे ताजे फोड.

वरून सुनेचा आवाज, शाळेत बोलतात तसा: "अशिक्षित सुईणी आजही पोटावर असा दाब देतात. यामुळे गर्भाशय फाटू शकतं. आमच्या भागात एका सुईणीच्या हातून अशाच प्रकारे बाळ दगावलेलं आहे."

त्या खोलीत तीस बायका होत्या. त्यातल्या निम्म्या त्या हातांत जन्मल्या होत्या आणि उरलेल्यांनी कळा देताना तेच मनगट धरलं होतं. वाकडी करंगळी कुणाची, हे या गावात लहान पोराला विचारलं तरी सांगेल. शहरातल्या माणसाला तोंड झाकलं की माणूस झाकला असं वाटतं. सून गावातली होती, तरी तिला तसंच वाटलं. टॅबवर दिवसभर बघून बघून तिची नजर टॅबचीच झाली होती, दुसरं काय म्हणायचं.

एकेक मान वळली, आणि सगळ्यांनी सुईणीच्या मांडीवरच्या हातांकडं पाहिलं. तिनं ते गुडघ्यांखाली सारले. मागच्या रांगेत कुणीतरी हळूच विचारलं, "कुणाचं गं बाळ?" आणि बायका मनातल्या मनात आपापली वर्षं मोजायला लागल्या.

लोहारीण तिच्याकडं न बघता म्हणाली, "माझं पहिलं?"

"नाही गं. तुझ्या बाळाला नाळेचा वेढा होता. तू पाहिलास ना."

"मी काय पाहिलं? मी शुद्धीवर होते का? तूच सांगितलंस."

"ते माझ्या बहिणीचं होतं," सुईण म्हणाली. पण तिचं तिलाच ते ऐकू आलं आणि पटण्यासारखं वाटलं नाही. लोहारीण दोन बोटं बाजूला सरकली. जागा नव्हती, तरी सरकली.

मॅडम गोड बोलत होत्या. कुणाचं नाव घ्यायचं नाही, दोष पद्धतीचा आहे, माणसाचा नाही. सोबतिणींची नावं मात्र आता परीक्षा झाल्यावर नीट विचार करून ठरवू. दवाखान्यातली नर्स खिडकीकडं बघत उभी राहिली.

घरी आल्यावर सुईणीनं घागर उतरवली, चूल पेटवली आणि मग विचारलं.

"माझा आवाज का काढून टाकलास?"

"आई, तोंड दिसत नव्हतं. मी मुद्दाम कापलं. तुम्हाला त्रास नको म्हणून."

"तोंड कापलंस ते कळलं. 'आता करत नाही' म्हटलं होतं मी. ते कुठं गेलं?"

"दोनच मिनिटांचा व्हिडिओ पाहिजे होता."

"एवढं म्हणायला किती वेळ लागतो गं?"

सून परातीतलं पीठ उगाच चाळायला लागली. म्हणाली, "सगळ्या पोरींनी आयती चित्रं लावली होती. माझ्याकडं खरं होतं. मॅडमनी पहिल्यांदा माझं नाव वर्गात चांगल्यासाठी घेतलं. मी तुमचं नाव कुठंच लिहिलं नाही. बाळाचं सांगितलं, पण कुणाचं ते सांगितलं नाही."

"म्हणून तर आता ते सगळ्यांचं झालंय," सुईण म्हणाली.

सुईणीचा मुलगा पाण्याचा टँकर चालवायचा. तो जेवायला आला, दोघींची तोंडं बघितली, अर्धं ऐकलं आणि म्हणाला, "जाऊ दे ना आई, शाळेचं काम आहे ते. कोण लक्षात ठेवतंय." त्याला वाईट वाटलं नसेल असं नाही, पण त्याला पाच वाजता पुढची खेप होती.

सुईणीला रडू येत नव्हतं, तिला राग येत होता. तीस वर्षं जे बहिणीला सांगितलं नाही ते आपण एका काळ्या पाटीसमोर सांगितलं, आणि आपल्याच घरातल्या पोरीनं त्यातलं हवं तेवढं कापून घेतलं. फसवलं हिनं आपल्याला. परक्यानं फसवलं असतं तर चार शिव्या देता आल्या असत्या.

सून तिच्यासमोर येऊन बसली. "आई, परीक्षेच्या दिवशी मॅडमही असतील, परीक्षकबाईही. मला पोट तपासायचंय. मी तिथंच सगळ्यांसमोर सांगते, हे मी तुमच्याकडून शिकले. चित्रणात अर्धंच दाखवलं हेही सांगते. मग तुमचं नाव लागेल. शब्द देते."

सुईणीनं तिच्याकडं पाहिलं. शब्द दिलाय म्हटल्यावर माणूस विश्वास ठेवतो, त्यात काही शहाणपणा लागत नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा चार ओळी उपटल्या.

परीक्षा दवाखान्यातच होती, दुपारी. तपासायला लोहाराचीच सून येणार होती, तसं आधीच ठरलं होतं. लोहारणीनं नको म्हणून पाहिलं, पण पोर ऐकेना. उलट तिनं सुईणीला निरोप पाठवला, मावशी, तुम्ही सोबत चला, मला त्या बायकांची भीती वाटते. सुईण गेली. दारापर्यंत. मग नेहमीच्या पायरीवर बसली. खिडकी उघडी होती. आतलं सगळं दिसत होतं आणि ऐकू येत होतं.

सुनेनं पांढरे कपडे घातले होते. तिनं हात धुतले, पुसले आणि मग एकमेकांवर चोळले.

"हे कशासाठी?" परीक्षकबाईंनी विचारलं.

"गरम करते. थंड हातानं पोट आवळतं."

परीक्षकबाईंनी मॅडमकडं बघून भुवई उंचावली. सून पुढं झाली. पूर्ण पंजा वर, मग दोन्ही कुशीला. एक हात गप्प, एक बघणारा. बाहेर पायरीवर सुईणीचे हात मांडीवर आपोआप तसेच हलत होते. पोरीची बोटं आता थरथरत नव्हती.

"वर ढुंगण. पाठ डावीकडं. डोकं खाली आलंय, पण अजून बसलेलं नाही, हलतंय."

परीक्षकबाईंनी स्वतः तपासलं. मग यंत्र लावून ठोके ऐकले, डाव्या बाजूलाच मिळाले. त्या म्हणाल्या, "मागच्या वर्षी तूच ना ती? हात बर्फासारखे होते. एवढा हात एका वर्षात बसत नाही. कुणी शिकवलं?"

पलंगावर निजलेल्या लोहाराच्या सुनेनं मान खिडकीकडं वळवली आणि सुईणीकडं बघून हसली. आता बोलावतील, अशा हसण्यानं. सुईण उठून उभी राहिली. तिनं डोक्यावरून हात फिरवून केस सारखे केले.

सुनेनंही खिडकीकडं पाहिलं. दोघींची नजर भिडली. मॅडम हातात कागद घेऊन कौतुकानं सुनेकडं बघत होत्या. ते चित्रण त्यांनी स्वतः पुढं पाठवलं होतं. आता ते हात शिकवणारे हात आहेत असं म्हटलं की चित्रण खोटं ठरत होतं, आणि चित्रण खोटं म्हणजे मॅडमही खोट्या. निकालाच्या कागदावर सही व्हायची होती. एवढं सगळं सुनेच्या चेहऱ्यावरून एका क्षणात गेलं, आणि सुईणीला ते पाठ कुठं, डोकं कुठं इतकं स्पष्ट कळलं.

"टॅबवर शिकले, मॅडम," सून म्हणाली. "सारखे व्हिडिओ बघून."

"बघा," मॅडम परीक्षकबाईंना म्हणाल्या, "यासाठीच दिले आपण."

लोहाराच्या सुनेनं तोंड उघडलं. सुईणीनं खिडकीतूनच मान हलवली, नको. काय कुणास ठाऊक का हलवली. पोरीची परीक्षा तिला अजूनही बुडवायची नव्हती, हे तिचं तिला नंतर फार लागलं.

वाटेत सून धावत मागून आली. "आई, थांबा ना. सही झाली की मी सांगणारच होते. निकाल लागला की जाते, शपथ."

"तुला काय वाटतं, मला नावाचं दुःख आहे?" सुईण चालता चालता म्हणाली. "त्या दिवशी मला न विचारता केलंस. आज माझ्या डोळ्यांत बघून केलंस." ती थेट रानात गेली. सून मागून आली, तिनं दुसरा चिमटा उचलला आणि न सांगता चार ओळी उपटल्या. तिच्या हातांना फोड आले. सुईणीनं ते पाहिले आणि नजर फिरवली.

निकाल लागला. सून पास झाली. सोबतिणींची दोन नावं दवाखान्याच्या दारावर लागली, एक कुंभाराच्या विधवा बहिणीचं आणि एक गावच्या शाळेतल्या शिपाईबाईंचं. मॅडमकडं कुणी काही सांगायला गेलं नाही. सून दोनदा कपडे घालून निघाली होती, दोन्ही वेळा दुसरंच काहीतरी काम निघालं.

पुढच्या महिन्यात एका सकाळी लोहारीण दारात आली. धापा टाकत होती, पायात चपला नव्हत्या. सभेनंतर पहिल्यांदाच ती या दारात उभी होती. सुईण अंगणात दाणे पाखडत होती. मैत्रिणीचं तोंड बघूनच तिला कळलं की पोरीला कळा सुरू झाल्या. ती सूप टाकून उठली, रांजणाशी जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि ओले हात झटकत दाराकडं वळली. "किती वेळ झाला? पाणी गेलं का?"

लोहारीण तिच्या खांद्यावरून आत बघत होती.

"तुझी सून आहे का घरात?" ती म्हणाली. "तिलाच घेऊन जाते. ती शिकलेली आहे."

सुईण तशीच उभी राहिली. कोपरावरून पाणी गळत होतं. आत टॅबवर धडा चालू होता, एक बाई शांत आवाजात कळांची लक्षणं सांगत होती. सुईणीनं हात पुसले, दारातून बाजूला झाली आणि आत आवाज दिला.

"सिस्टर, तुम्हाला बोलावणं आलंय."